ग्रंथपालांचे आचार्य : कै. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन

शाळेच्या शेवटच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांस पुढें कोण होणार असें विचारलें असतां डॉक्टर, इंजिनिअर, वकील, कलेक्टर आणि क्वचित् शिक्षक अशीं उत्तरें येतात. ग्रंथपाल होणार असें सांगणारा मुलगा किंवा मुलगी आमच्या पाहण्यांत अद्याप आलेली नाहीं. याचें कारण शोधावयास फार लांब जावयास नको. ग्रंथपाल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा जवळ बाळगून कपाटांपुढें बसणारा, पुस्तक उशिरा आणल्यास दंड घेणारा आणि बोलणाऱ्यांस दटावणारा एक मनुष्य, अशी पुष्कळांची समजूत असते. आश्चर्य हें कीं, जे तरुण पदवी घेऊन ग्रंथालयशास्त्राच्या वर्गांत दाखल होतात त्यांच्यापैकींहि अनेकांच्या मनांत आरंभीं हीच समजूत घर करून असते. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाहीं, किंवा या शिक्षणानें नोकरी लवकर लागेल असें कोणीं सुचविलें, म्हणून ते तेथें येतात. आणि हल्लीं काय शिकतां असें एखाद्या आप्तानें विचारलें कीं उत्तर देतांना किंचित् संकोचतात. पुस्तकांच्या देवघेवींत शिकावयाचें तें काय, हा प्रश्न त्यांस लग्नकार्यांत, आगगाडींत, जेथें जावें तेथें ऐकावा लागतो.

ज्या थोर गृहस्थांचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों ते या शास्त्राचे आपल्या देशांतील आद्य आचार्य होत. परंतु तेहि या धंद्यांत हौसेनें आले नाहींत. ते आले अनिच्छेनें, आणि आल्यावर थोड्याच आठवड्यांत तो सोडून देण्यासाठीं त्यांनीं वरिष्ठांचे उंबरठे झिजविले. मोठ्या माणसांच्या चरित्रांत असल्या गोष्टी पुष्कळदां गाळल्या जातात. आम्ही ती मुद्दाम आरंभींच सांगून टाकली आहे.

रंगनाथन यांचा जन्म 1892 च्या ऑगस्ट महिन्यांत तंजावर जिल्ह्यांतील शियाळी या गांवीं झाला. या गांवास हल्लीं शीर्काळी म्हणतात. जन्माचा खरा दिवस 9 ऑगस्ट. परंतु शाळेच्या दाखल्यांत 12 ऑगस्ट ही तारीख पडली, आणि आज भारतांत ग्रंथपालदिन पाळला जातो तो या दाखल्यावरील तारखेसच. ज्यांनीं सारा जन्म नोंदी अचूक ठेवण्यांत घालविला त्यांच्याच जन्माची नोंद चुकावी ही एक मौजच म्हणावयाची. वडील रामामृत अय्यर हे मध्यम स्थितीचे जमीनदार असून गांवच्या मंडळींस रामायण सांगत असत. मुलगा सहा वर्षांचाहि झाला नव्हता तोंच ते अकस्मात् वारले. त्यांचें वय तेव्हां अवघें तीस वर्षांचें होतें. पुढचें संगोपन आई सीतालक्ष्मी व आजोबा यांनीं केलें. मुलाची प्रकृति नाजूक, आणि बोलतांना त्याची जीभ अडखळे. हें व्यंग असतांहि या मुलानें पुढें अध्यापकाचा पेशा पत्करला, हें आमच्या वर्गांतील ज्या मुलांस उभें राहून उत्तर देण्याची भीति वाटते त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

गांवच्या शाळेंतून मॅट्रिक झाल्यावर 1909 सालीं ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजांत दाखल झाले. स्कॉटलंडांतील मिशनऱ्यांनीं चालविलेलें हें विद्यालय त्या काळीं मद्रास शहराच्या ऐन वस्तींत होतें. तांबरम येथील वनराईंत तें 1937 सालीं गेलें. येथें त्यांस गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस हे गुरु लाभले. रॉससाहेब व हा ब्राह्मण विद्यार्थी यांचा धर्म निराळा, देश निराळा; परंतु दोघांचें जें सख्य जमलें तें जन्मभर टिकलें, आणि पुढें एका अवघड प्रसंगीं तें कसें उपयोगीं पडलें तें यथास्थळीं येईल. 1913 सालीं रंगनाथन बी. ए. झाले व 1916 सालीं गणित घेऊन एम. ए. झाले. नंतर सैदापेठ येथील शिक्षक महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें, आणि 1917 पासून मंगळूर, नंतर कोइमतूर व शेवटीं मद्रासचें प्रेसिडेन्सी कॉलेज येथें ते गणित शिकवूं लागले. शिकविण्यांत त्यांचा जीव रमत असे. हा मनुष्य आतां गणिताचा प्राध्यापक म्हणूनच आयुष्य घालविणार, असें कोणींहि म्हटलें असतें.

परंतु 1923 सालीं मद्रास विद्यापीठानें ग्रंथपालाची नवी जागा निर्माण केली. विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह विस्कळित पडलेला होता. त्यास वळण लावणारा माणूस हवा होता. सुमारें 900 अर्ज आले असें सांगतात, आणि त्यांत ग्रंथालयाच्या कामाचें रीतसर शिक्षण घेतलेला एकहि मनुष्य नव्हता. त्या काळीं आपल्या देशांत असें शिक्षण अगदींच नव्हतें असें मात्र नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं जन्मून बडोद्याच्या गादीवर बसलेले श्री. सयाजीराव महाराज यांनीं अमेरिकेंतून बॉर्डन नांवाचे तज्ज्ञ आणवून 1911 सालीं बडोद्यास ग्रंथपालांचा वर्ग उघडविला होता. लाहोरासहि 1915 सालीं डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकन गृहस्थांनीं तसा वर्ग चालविला. पण हे दिवे फार दूरदूर लावलेले होते. रंगनाथन यांनीं मित्रांच्या आग्रहावरून अर्ज केला व ते तो विसरूनहि गेले. मुलाखतीचें बोलावणें आलें तेव्हां या विषयाचें त्यांचें सारें ज्ञान म्हणजे दोन-चार दिवस आधीं विश्वकोशांतून वाचलेला ग्रंथालयांवरील एक लेख! गणिताच्या इतिहासावरील त्यांचे कांहीं निबंध मात्र प्रसिद्ध झाले होते. संशोधनाची संवय असलेला उमेदवार म्हणून निवडमंडळानें त्यांसच पसंत केलें.

1924 च्या जानेवारींत ते कामावर रुजू झाले आणि पहिल्या आठवड्यांतच कंटाळले. वर्गांतील मुलांचा गजबजाट, फळ्यावरील उदाहरण सुटल्याबरोबर उजळणारे चेहरे, हें सारें सुटलें. आतां पुढें भलीमोठी खोली, कपाटें आणि शुकशुकाट. वाचक फिरकत नसत. आपल्याला जिवंतपणीं पुरल्यासारखें त्यांस वाटूं लागलें असल्यास नवल नाहीं. ते पुन्हा विद्यालयाच्या अधिकाऱ्यांकडे गेले व आपली जुनी जागा परत मागूं लागले. अखेरीस एक तोड निघाली. नव्या ग्रंथपालानें इंग्लंडास जाऊन तेथील ग्रंथालयें पाहावीं असें आधींच ठरलेलें होतें. तेथें तो अभ्यास करून यावा, आणि परत आल्यावरहि हें काम नकोसेंच वाटलें तर गणिताची जागा त्यांस परत द्यावी. अशा रीतीनें, परतीची वाट मोकळी ठेवूनच, रंगनाथन जहाजांत बसले.

लंडन येथें युनिव्हर्सिटी कॉलेजांत ग्रंथपालांची शाळा 1919 सालीं सुरू झालेली होती. तेथें त्यांनीं नांव घातलें. परीक्षेच्या दृष्टीनें त्यांनीं फारसा पराक्रम गाजविला नाहीं. मात्र वर्गीकरणाचे शिक्षक बर्विक सेअर्स हे क्रॉयडन गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य असून शास्त्र व व्यवहार दोहोंत मुरलेले होते. त्यांनीं या गणितज्ञाची तहान ओळखली. पुस्तकी अभ्यास बाजूस ठेवून ग्रंथालयें हिंडून पाहा, असा मार्ग त्यांनीं दाखविला, आणि रंगनाथन यांनीं शंभरांहून अधिक ग्रंथालयें पाहिलीं.

या भ्रमंतींत त्यांस जें दिसलें तें त्यांच्या आयुष्याची दिशा बदलणारें ठरलें. लहान गांवांतहि नगरपालिकेच्या पैशानें चाललेलें ग्रंथालय. तेथें कपाटांना कुलपें नाहींत. कामावरून परतणारा मजूर, भाजी घेऊन निघालेली गृहिणी, शाळा सुटल्यावर धांवत आलेलीं मुलें, सर्वांस सारखाच प्रवेश. आणि या सर्वांमध्यें फिरणारा ग्रंथपाल, जो किल्ल्या सांभाळीत नसून प्रत्येकाची गरज ओळखून त्याच्या हातीं योग्य पुस्तक देत आहे. मद्रासेंत ज्या कामास ते कंटाळले होते तें हें काम नव्हतेंच. त्या कामाची नुसती टरफलें त्यांच्या वाट्यास आलीं होतीं. शिक्षक वर्गांतील तीस-चाळीस मुलांस शिकवितो. असा ग्रंथपाल सबंध गांवास शिकवूं शकतो, आणि प्रत्येकास त्याच्या वेगानें, त्याच्या आवडीनें. आमच्या मतें येथेंच त्यांच्या मनांतील गणिताची जागा कायमची रिकामी झाली.

दुसरी गोष्ट खेळण्यांच्या दुकानांतील आहे. मोठमोठ्या ग्रंथालयांतूनहि ग्रंथांची मांडणी करतांना एक अडचण येते, हें त्यांनीं पाहिलें होतें. अमेरिकेच्या मेलविल ड्युई यांनीं 1876 सालीं प्रसिद्ध केलेली दशांश पद्धति सर्वत्र चालू होती. तीत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा पोटवर्ग, अशी कप्प्यांची रचना आगाऊ केलेली असते. पण ज्ञान कप्पे पाहून वाढत नाहीं. दोन विषयांच्या सांध्यावर नवा विषय जन्मास आला कीं त्यास बसवावयाचें कोठें? हा विचार मनांत घोळत असतां लंडनच्या सेल्फ्रिज नांवाच्या प्रचंड दुकानांत त्यांनीं मेकॅनो हें खेळणें पाहिलें. त्याच त्या पट्ट्या, चाकें, आंस व खिळे. पण जोडणी बदलली कीं कधीं पूल, कधीं गाडी, कधीं यारी. तयार खेळणीं दुकानदारास शंभर ठेवावीं लागतील. सुटे भाग मोजके असले तरी त्यांतून वाटेल तितकीं खेळणीं होतात. विषयांचेंहि असेंच कां करूं नये?

आपल्या विद्यार्थ्यांस समजेल असें एक उदाहरण घेऊं. भाताच्या पानांवर पडणाऱ्या रोगावर तंजावर जिल्ह्यांत अमुक एका वर्षीं योजिलेले उपाय, असा एका पुस्तकाचा विषय आहे. ड्युईंच्या पद्धतींत याला आधींपासून सजवून ठेवलेला कप्पा मिळणें कठीण. रंगनाथन म्हणूं लागले कीं, विषयाचे घटक सुटे करा: पीक कोणतें, त्याचा भाग कोणता, काय बिघडलें, काय केलें, कोठें केलें, केव्हां केलें. प्रत्येक घटकाचे आंकडे निराळ्या कोष्टकांत तयार असतील. ते घेऊन जोडावे. मेकॅनोंत जें काम खिळा करतो तें त्यांच्या पद्धतींत एक विरामचिन्ह करूं लागलें. तें चिन्ह म्हणजे एकावर एक दोन टिंबें. म्हणून तिचें नांव द्विबिंदू वर्गीकरण पद्धति असें पडलें. परतीच्या प्रवासांत जहाजावरील लहानशा ग्रंथसंग्रहावर त्यांनीं तिचा प्रथम प्रयोग करून पाहिला असें सांगतात. तो ग्रंथ 1933 सालीं प्रसिद्ध झाला.

1925 सालीं मद्रासेस उतरल्यावर गणिताच्या जागेची आठवण त्यांस कोणीं करून दिली कीं नाहीं कोण जाणे. त्यांनीं ती स्वतः काढली नाहीं. पुढें जवळजवळ वीस वर्षें त्यांनीं रजा अशी घेतली नाहीं. कपाटें वाचकांस खुलीं झालीं, ग्रंथालय उघडें राहण्याचे तास वाढले, वाचक काय शोधतो आहे हें विचारण्यासाठीं सेवक त्याच्याजवळ जाऊं लागले. पूर्वी जेथें शुकशुकाट होता तेथें बसावयास जागा पुरेना. 1928 च्या आरंभीं त्यांच्या प्रयत्नानें मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला.

आतां त्या अवघड प्रसंगाकडे वळूं. ग्रंथालयांतील शेकडों रीतींच्या मुळाशीं कांहीं थोडीं सूत्रें असलीं पाहिजेत, असें त्यांच्या गणिती बुद्धीस वाटत होतें. भूमितीचीं गृहीतकृत्यें असतात ना, तशीं. पण तीं हातीं लागेनात. एके सायंकाळीं रॉससाहेब नेहमींप्रमाणें ग्रंथालयांत आले. शिष्य विचारांत बुडालेला पाहून त्यांनीं कारण विचारलें, तें ऐकून घेतलें, आणि जातां जातां सहज एक लहानसें वाक्य उच्चारलें. ग्रंथ हे वापरण्यासाठीं असतात, एवढाच त्याचा आशय. इतकी साधी गोष्ट! परंतु तेंच पहिलें सूत्र ठरलें, आणि बाकीचीं चार त्यामागून आपोआप आलीं: प्रत्येक वाचकास त्याला हवा तो ग्रंथ मिळण्याचा हक्क, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक गांठून देण्याची जबाबदारी, वाचकाचा वेळ वांचविणें, आणि ग्रंथालय हें जिवंत देहाप्रमाणें वाढत राहणारें आहे हें ओळखून त्याची योजना करणें. हें सारें 1928 सालीं जुळून आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई यांचें अपघातीं निधन झालें. पुढच्याच महिन्यांत चिदंबरमजवळ भरलेल्या शिक्षणपरिषदेंत त्यांनीं हीं पांच सूत्रें प्रथम लोकांपुढें मांडलीं. घरीं एवढा आघात झालेला असतां तो मनुष्य व्यासपीठावर कसा उभा राहिला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. 1929 च्या अखेरीस त्यांनीं शारदाबाईंशीं दुसरा विवाह केला.

या पांच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ 1931 सालीं निघाला. त्यांतील एका भागाकडे आम्ही पालकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों, कारण तो ग्रंथपालाच्या दर्जाविषयीं आहे. रंगनाथन यांचा युक्तिवाद असा. युरोपांत एके काळीं ग्रंथ सांखळीनें मेजास जखडून ठेवीत असत. ग्रंथ जपून ठेवणें हाच जोंवर हेतु होता तोंवर पहारेकरी पुरेसा होता. पहारेकऱ्यास विद्वत्ता कशास हवी आणि मोठा पगार तरी कां द्यावा? पण ग्रंथ वापरासाठीं आहेत हें एकदां मान्य केलें कीं सांखळी तुटते आणि पहारेकऱ्याचें कामच संपतें. आतां तेथें असा मनुष्य हवा कीं ज्यास ग्रंथ कळतात व माणसेंहि कळतात. तो सुशिक्षित असला पाहिजे, त्यास या कामाचें खास शिक्षण मिळालें पाहिजे. आणि असा मनुष्य टिकावयाचा तर त्यास शिक्षकाच्या तोडीचें वेतन व मानहि मिळाला पाहिजे. म्हणजे दर्जा ही ग्रंथपालानें मागावयाची भीक नव्हे, किंवा उदार मनाच्या चालकांनीं द्यावयाची बक्षिसीहि नव्हे. पहिल्या सूत्राचाच तो एक परिणाम आहे. ज्या संस्थेंत ग्रंथ अजून कुलपांत आहेत तेथील ग्रंथपालास मान नसतो, याचें कारण आतां वाचकांच्या लक्षांत येईल. कपाटाचें कुलूप त्याच्या प्रतिष्ठेसहि लागलेलें असतें.

नुसता युक्तिवाद करून ते थांबले नाहींत. ग्रंथालय संघानें 1929 सालीं ग्रंथपालांसाठीं उन्हाळी वर्ग उघडला. 1931 मध्यें तो विद्यापीठानें आपल्याकडे घेतला, आणि 1937 पासून पदवीधरांसाठीं एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू झाला. शिकवावयास पुस्तकें नव्हतीं, तीं रंगनाथन यांनीं स्वतः लिहिलीं: वर्गीकरण, तालिका, व्यवस्थापन, संदर्भसेवा, एकामागून एक. गणिताच्या वर्गांतील जो आनंद गमावला म्हणून त्यांनीं एकदां हळहळ केली होती तो त्यांस येथें दुप्पट होऊन परत मिळाला. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीं जे दुसरें कांहीं न जमल्यामुळें आले असतील त्यांच्या मनाची स्थिति या गुरूस समजावून सांगण्याची गरज नव्हती. ती वाट ते स्वतः चालून गेलेले होते.

त्याच 1931 सालीं तंजावर जिल्ह्यांत मन्नारगुडीच्या बाजूस बैलगाडींतून पुस्तकें खेडोपाडीं नेणारें फिरतें ग्रंथालय निघालें, त्यामागेंहि रंगनाथन यांच्या उपदेशाची प्रेरणा होती. बैलांच्या गळ्यांतील घुंगरांचा आवाज ऐकून गांवचीं मुलें गाडीभोवतीं जमत असतील हें चित्र आमच्या डोळ्यांपुढें नेहमीं उभें राहतें.

1945 मध्यें मद्रासची जागा सोडून ते डॉ. राधाकृष्णन् यांच्या बोलावण्यावरून काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गेले. तेथें एक लक्षाहून अधिक ग्रंथांचें वर्गीकरण त्यांनीं जवळजवळ एकट्यानें केलें. तेव्हां त्यांनीं पन्नाशी ओलांडलेली होती. 1947 मध्यें ते दिल्ली विद्यापीठांत गेले. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास पदव्युत्तर पदवीपर्यंत व पुढें आचार्य पदवीपर्यंत नेण्याचें श्रेय दिल्लीकडील या कामास आहे. ज्या विषयांत शिकावयाचें तें काय असें लोक विचारीत, त्यांत आतां विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळूं लागली. नंतर दोनएक वर्षें स्वित्झर्लंडांतील झूरिक येथें लेखनांत घालवून ते परतले व 1957 पासून दोन वर्षें उज्जैनीच्या विक्रम विद्यापीठांत होते.

ग्रंथालयाचा खर्च कोणाच्या दानावर न ठेवतां कायद्यानें ठरवावा, हाहि त्यांचा जुना आग्रह. असा नमुना-कायदा त्यांनीं 1930 सालींच काशी येथील आशियाई शिक्षणपरिषदेपुढें ठेवला होता. त्यास फळ आलें तें अठरा वर्षांनीं: मद्रास प्रांताचा 1948 चा ग्रंथालय कायदा हा स्वतंत्र भारतांतील पहिला होय, व त्यांत घरपट्टीवर ग्रंथालयांसाठीं अल्पसा उपकर बसविलेला आहे. आम्हां मराठी लोकांस अभिमानाची गोष्ट अशी कीं, कोल्हापूर संस्थानानें असा कायदा 1945 सालींच केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा 1967 चा. मात्र त्यांत उपकर नाहीं, संस्थांनीं चालविलेल्या ग्रंथालयांस सरकारी अनुदान देण्याची त्याची पद्धत आहे. गांवोगांवच्या ग्रंथालयांतील सेवकांच्या तुटपुंज्या वेतनाची तक्रार या राज्यांत अनेक वर्षांची आहे. रंगनाथन यांचें पहिलें सूत्र ज्यांनीं वाचलें आहे त्यांस ती तक्रार केवळ पैशांची वाटणार नाहीं.

महाविद्यालयांतील ग्रंथपालांपुरता हा प्रश्न पुष्कळ सुटला. 1957 सालीं विद्यापीठ अनुदान मंडळानें नेमलेल्या ग्रंथालय समितीचे अध्यक्ष रंगनाथनच होते. ग्रंथपालांच्या वेतनश्रेणी प्राध्यापकवर्गाच्या वेतनश्रेणींच्या बरोबरीच्या असाव्या अशी शिफारस त्या समितीनें केली. आज महाविद्यालयाच्या ग्रंथपालास अध्यापकाच्या तोडीची वेतनश्रेणी मिळते, तिचें मूळ येथें आहे. परंतु मान हा वेतनपत्रकाबरोबर येतोच असें नाहीं, हें त्या धंद्यांतील तरुण मंडळी जाणून आहेत. हल्लीं ते संगणक शिकतात, दूरच्या देशांतील निबंध घटकेंत काढून देतात. आणि तरीहि पुस्तकें देण्याघेण्यांत शिकावयाचें तें काय, हा प्रश्न त्यांच्यामागें आहेच.

रंगनाथन यांच्या कार्याचें मूल्यमापन करतांना एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. त्यांची वर्गीकरणपद्धति आपल्याच देशांत सर्वत्र रुजली नाहीं. बहुतेक भारतीय ग्रंथालयें अद्याप ड्युईंचेच आंकडे वापरतात. पद्धति सूक्ष्म खरी, पण तिचे क्रमांक लांब होतात, तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत फेरफार फार झाले, आणि त्यांनीं घडविलेली परिभाषा कित्येकदां विद्यार्थ्यास घाबरवून सोडते. पण विषयाचे घटक सुटे करून पुन्हा जोडण्याची त्यांची मूळ कल्पना मात्र साऱ्या जगानें घेतली. 1952 सालीं लंडनमध्यें जें वर्गीकरण संशोधन मंडळ स्थापन झालें त्यानें तिच्यावरच आपलें काम उभारलें. जेथून ते शिष्य म्हणून परतले होते तेथेंच त्यांचे विचार गुरूच्या आसनावर बसले.

राहणी शेवटपर्यंत साधी. अंगावर जाडेंभरडें सूत, आणि ग्रंथालयांत वावरतांना देवळांत वावरावें तसें पुष्कळदां अनवाणी. 1957 सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. 1962 सालीं बंगळूर येथें भारतीय सांख्यिकी संस्थेच्या विद्यमानें प्रलेखनाच्या संशोधनाचें व शिक्षणाचें केंद्र त्यांनीं उभें केलें, आणि 1965 सालीं त्यांस राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमण्यांत आलें. एक ग्रंथपाल हा देशाचा राष्ट्रीय प्राध्यापक झाला! गणितहि ते विसरले नव्हते. थोर गणिती रामानुजन् यांचें चरित्र त्यांनीं लिहिलें तें 1967 सालीं, पंचाहत्तराव्या वर्षीं.

त्याच्या आधींच, 1956 सालीं, त्यांनीं आपल्या आयुष्यभराच्या शिलकेंतून एक लक्ष रुपये मद्रास विद्यापीठास ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठीं दिले. ज्या विद्यापीठांत एकदां त्यांनीं आपली गणिताची जागा परत द्या म्हणून विनविलें होतें, तेथेंच आतां या नव्या शास्त्राची गादी त्यांच्या पैशानें स्थापन होणार होती. तिला नांव मात्र त्यांनीं स्वतःचें दिलें नाहीं. ज्या माउलीनें त्यांच्या रात्रंदिवसाच्या कामापायीं संसाराचा सारा भार एकटीनें वाहिला त्या शारदाबाईंचें नांव दिलें. 1961 सालीं बंगळूरास दुसरा निधि स्थापन झाला, तोहि त्यांच्याच नांवानें, आणि आपल्या ग्रंथांचे हक्क रंगनाथन यांनीं त्या निधीस देऊन टाकले. 27 सप्टेंबर 1972 रोजीं, वयाच्या ऐंशीच्या वर्षीं, ते बंगळूर येथें वारले. शारदाबाई त्यांच्यामागें तेरा वर्षें होत्या.